बापाचा धक्का

आमच्या आबांना शर्यत म्हटलं की बैल आठवतात. त्यामुळे मागे एका रविवारी फोनवर त्यांना अमेरिकेतल्या मोटार शर्यतींचा राजा रिचर्ड पेटी कोण हे सांगायला बसलो, तेव्हा पहिली दहा मिनिटं ‘गाडी म्हणजे कसली गाडी’ यातच गेली. साधी गाडी, म्हटलं. दारात उभी असते तसली. तीच घेऊन पळवायची. ‘आणि मग?’ मग काय, गोल फिरायचं, डावीकडं वळत. ‘उजवीकडं वळतच न्हाईत?’ जवळजवळ नाहीच. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे घाण्याचा बैल.’

उत्तर कॅरोलिनातल्या शार्लटला नोकरीसाठी आलो तेव्हा माझंही मत याहून वेगळं नव्हतं. हे गाव बँकांचं म्हणून मी आलो आणि इथं येऊन कळलं की ते नॅसकारचं, म्हणजे या मोटार शर्यतींचंही आहे. बहुतेक संघांची वर्कशॉपं इथून तासाभराच्या अंतरात. ऑफिसात सोमवारी सकाळी कालच्या शर्यतीवर चर्चा चालायची आणि मी कॉफी घेऊन निमूट जागेवर जाऊन बसायचो. पाचशे मैल गोल फिरून माणूस जिथून निघाला तिथंच येतो, यात काय बघायचं?

हे मत बदललं ते शर्यत बघून नव्हे, एक शेड बघून. ग्रीन्सबरोला एका मित्राकडं निघालो होतो. पाऊस होता, हाताशी वेळ होता, म्हणून रँडलमनजवळच्या लेव्हल क्रॉस नावाच्या वाडीकडं गाडी वळवली. गाव म्हणावं असं तिथं काही नाही. झाडी, शेतं, रस्त्याच्या कडेला पांढऱ्या इमारतींचा एक पुंजका. हेच पेटींचं घर आणि हेच त्यांचं वर्कशॉप, आता संग्रहालय. सुरुवात झाली ती कापणीयंत्र ठेवायच्या शेडमध्ये, खाली माती. पुढं जशी शर्यतीत कमाई होत गेली, तसे त्याला एकेक खण जोडत गेले. एखाद्या आर्किटेक्टनं कागदावर काढलेली ती जागा नाही, गरज पडेल तशी वाढलेली आहे. आमच्या उद्यमनगरातली अर्धी वर्कशॉपं अशीच वाढली. पुढं पत्रा टाकला, मागं भिंत सरकवली, शेजाऱ्याशी भांडण झालं, पुन्हा पत्रा टाकला. मी तिथं उभा राहिलो आणि मला तेलाचा वास आला. खरंच आला की आठवणीतून आला, कोण जाणे.

तर या शेडचा मालक ली पेटी. १९४९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो शर्यतीत उतरला. त्या वर्षी १९ जूनला शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकारनं एक नवीच शर्यत ठेवली होती. अट एकच, गाडी दुकानातून आणली तशीच हवी. ‘स्टॉक’ शब्दाचा अर्थ तोच. ही अट घालावी लागली कारण त्या भागात गाड्या ‘तयार’ करणारे मेस्त्री उदंड होते, आणि त्यांचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे डोंगरातली हातभट्टीची दारू रातोरात शहरात पोचवणारी पोरं. त्या पहिल्या शर्यतीत पहिला आलेला ग्लेन डनअवे हा गडी नंतर बाद झाला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या सापडल्या. दारूचा माल भरल्यावर गाडी मागं बसू नये म्हणून करतात तशा. म्हणजे या खेळाचा पहिला निकालच मुळी निशाण पडल्यावर, तपासणीत ठरला. पुढच्या गोष्टीसाठी एवढं लक्षात ठेवा.

ली त्या दिवशी एका ओळखीच्याची भलीमोठी ब्यूक मागून घेऊन उतरला होता. घरचे सगळे त्याच गाडीतून शर्यतीला आले होते. लीनं ती ट्रॅकवर उलटीपालटी केली. अकरा वर्षांचा रिचर्ड बघत होता. संध्याकाळी घरी जायला गाडी नाही, म्हणून मंडळी दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून परतली. दुसरा कुणी असता तर बायकोनं त्याच दिवशी हा नाद सोडवला असता. लीनं त्यातून धडा घेतला तो इतकाच की जड गाडी कामाची नाही. त्यानं हलकी प्लिमथ घेतली आणि त्याच वर्षी पहिली शर्यत जिंकली. पुढं १९५४, ५८ आणि ५९ अशा तीन वर्षी तो विजेता ठरला. तो चमकदार चालवणारा नव्हता म्हणतात. गाडी जपायची, शेवटपर्यंत न्यायची, बक्षिसाचे पैसे घ्यायचे आणि घरी यायचं. शर्यत हे त्याचं शेत होतं.

अशा घरात रिचर्ड वाढला. धाकटा भाऊ मॉरिस इंजिनं करायचा, नात्यातला भाऊ डेल इनमन बाकी गाडी बघायचा. रिचर्ड शाळा सुटली की शेडमध्ये. अठरा वर्षांचा झाल्यावर त्यानं बापाला विचारलं, मी चालवू का? बाप म्हणाला, एकवीस पुरे होऊ दे. तीन वर्षं! शेजारची पोरं चालवत होती आणि हा राष्ट्रीय विजेत्याचा पोरगा पान्हे धुवत होता. २ जुलै १९५८ ला एकवीस पूर्ण झाली. पुन्हा विचारलं. बापानं कोपऱ्यात पडलेल्या जुन्या ओल्ड्समोबिलकडं बोट दाखवलं. ती घे, लाग तयारीला. दहा दिवसांनी, १२ जुलैला, दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबियाला रिचर्ड पहिल्यांदा उतरला आणि सहावा आला.

त्यानंतर सहा दिवसांनी टोरांटो. ही त्याची वरच्या दर्जाची पहिली शर्यत, कॅनडातल्या एका स्टेडियमच्या छोट्याशा ट्रॅकवर. रिचर्ड मागं पडलेला. पुढं काय झालं ते तो स्वतः आयुष्यभर हसत सांगत आला आहे. मागून दोघं जण आघाडीसाठी झुंजत आले, कॉटन ओवेन्स आणि ली पेटी. वाटेत पोरगा. लीनं हॉर्न वाजवायचा प्रश्नच नव्हता. त्यानं बंपर लावला, पोराला कुंपणावर घातलं, आणि जाऊन शर्यत जिंकला.

(हे ऐकल्यावर आबा एकदम म्हणाले, ‘भाऊचा धक्का!’ मग स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की खोकला लागला. एकदा मुंबईला गेले होते, तेवढ्यावर अजून चाललंय.)

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पुढच्या वर्षीची, १४ जून १९५९ ची. अटलांटाजवळ लेकवूड नावाचा एक मैलाचा मातीचा ट्रॅक होता. दीडशे फेऱ्या. धूळ अशी उडायची की समोरची गाडी दिसायची नाही, तिथं फेऱ्या मोजणाऱ्यांची काय कथा. तेव्हा संगणक नव्हते, गाडीत चिप नव्हत्या. एकेका गाडीसाठी एकेक माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसायचा आणि आपली गाडी समोरून गेली की खूण करायचा. दीडशे फेऱ्या संपल्या, निशाण पडलं. पहिला रिचर्ड पेटी. एकवीस वर्षांचं पोर, पहिला विजय. लोक ओरडताहेत, तो गाडीतून उतरतोय, आणि इतक्यात बातमी आली की निकालावर हरकत घेतली गेली आहे.

हरकत घेणारा ली पेटी. म्हणाला, माझी एक फेरी मोजायची राहिली. कागद पुन्हा तपासले. म्हातारा बरोबर होता. बाप पहिला, पोरगा दुसरा.

पोराच्या जागी माझी आई असती तरी हरकत घेतली असती, असं ली नंतर म्हणाल्याचं सांगतात. काही जण यात वेगळाच हिशेब बघतात. चालू वर्षाच्या मॉडेलला तेव्हा वरचे पैसे मिळत, बापाची प्लिमथ नवी होती आणि पोराची ओल्ड्समोबिल दोन वर्षं जुनी. दोन्ही बक्षिसं एकाच शेडमध्ये जाणार असतील तर नवी गाडी पहिली आलेली बरी. असेलही. ली पेटीनं डॉलर सोडल्याची एकही गोष्ट माझ्या वाचनात नाही. पण मला आणखी एक कारण दिसतं. त्याच फेब्रुवारीत डेटोनाच्या नव्या कोऱ्या ट्रॅकवर पहिली डेटोना ५०० ही पाचशे मैलांची शर्यत झाली. शेवटच्या रेषेवर ली आणि जॉनी बोशाम जवळजवळ एकदमच पोचले. विजेता म्हणून बोशामला नेलं, हार-तुरे झाले, फोटो निघाले. ली म्हणत राहिला, मी जिंकलोय. फोटो आणि बातमीपटाच्या फिती तपासण्यात तीन दिवस गेले आणि मग कळलं की जिंकला होता तो लीच. ज्याला चार महिन्यांपूर्वी स्वतःच्या विजयासाठी तीन दिवस ताटकळावं लागलं, तो माणूस निशाणावर कसा विश्वास ठेवणार? त्याच्या लेखी निशाण म्हणजे एका माणसाचं मत. खरं काय ते कागदावर.

मी लेकवूडची गोष्ट वाचली आणि मला गनमेटलचा एक बुश आठवला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी.

आबांच्या वर्कशॉपात दोन लेथ, एक ड्रिल, एक शेपर. मी एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाच्या सुट्टीत. जानेवारी असावा, गुऱ्हाळांचा हंगाम भरात. पन्हाळ्याकडचा एक गुऱ्हाळवाला चरकाचा बुश झिजला म्हणून धावत आला होता. चरक बंद, ऊस तोडून पडलेला, कामगार बसून. आबा म्हणाले, तू घे. मी घेतला. बाहेरून घासला, आतून बोअर मारला, कडा काढल्या. चकचकीत दिसत होता. गुऱ्हाळवाल्यानं हातात घेतला, खूश झाला, रुमालात गुंडाळायलाही लागला. ‘जरा बघू,’ आबा म्हणाले. मायक्रोमीटर काढला. मग नमुन्याला आणलेला शाफ्टचा तुकडा आत घातला आणि बोटानं नुसता हलवला. बारीक खडखड आली. खरं सांगतो, ती फक्त आम्हा दोघांनाच ऐकू आली असेल. आबांनी बुश भंगाराच्या डब्यात टाकला. तो टण् आवाज मात्र सगळ्या वर्कशॉपानं ऐकला.

‘अवो मेस्त्री, चालतंय की,’ गुऱ्हाळवाला कळवळून म्हणाला. ‘महिन्याचा तर प्रश्न हाय.’

‘तुमचं चालंल. माझं न्हाई चालायचं.’

मग त्यांनी नवा गज चकमध्ये धरला आणि पाऊण तासात बुश करून दिला. तेवढ्यात गिऱ्हाइकाला चहा आणायला कुणाला पाठवलं, ते सांगायला नको. बुश फेकल्याचं मला फार नाही लागलं. चहाचं लागलं. चार दिवस मी वर्कशॉपाची पायरी चढलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही. पाचव्या दिवशी आईनं डबा पोचवायला पाठवलं आणि मी मुकाट्यानं ॲप्रन चढवला. आज ऑफिसात कुणी माझा कोड परत पाठवला की लोक माझ्या शांतपणाचं कौतुक करतात. त्यांनी तो टण् ऐकलेला नाही.

तरीही हे सगळं फार गोड करून सांगायला नको. पेटींच्या पोराला बापानं धक्के दिले हे खरं, पण धक्का खायला तो ट्रॅकवर होता, ते कुणाच्या जोरावर? शेड बापाची, इंजिन भावाचं, हत्यारं घरची, पुढं कंपनीचा पाठिंबाही आला. त्याच काळात व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलमध्ये वेंडेल स्कॉट नावाचा एक मेस्त्री स्वतःच्या गाड्या स्वतःच जुळवून शर्यतीत उतरत होता. मदतीला त्याची पोरं. तेही घराणंच की. फरक इतकाच की स्कॉट काळा होता. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलला त्यानं शर्यत जिंकली. शेवटच्या टप्प्यात त्यानं ज्याला मागं टाकलं तो होता अडखळत चाललेल्या गाडीतला रिचर्ड पेटी. पण निशाण दाखवलं बक बेकर या गोऱ्या चालकाला. चषक त्याला, टाळ्या त्याला. स्कॉटनं हरकत घेतली. कागद तपासले. तो बरोबर होता. पण हे जाहीर झालं तेव्हा प्रेक्षक घरी गेले होते आणि चषक बेकरबरोबर. हिशेबाची चूक झाली, असं सांगण्यात आलं. स्कॉट १९९० मध्ये वारला. त्या शर्यतीचा रीतसर चषक नॅसकारनं त्याच्या घरच्यांच्या हाती दिला तो २०२१ साली.

हरकत तीच, कागदही तसेच. लेकवूडला बापाचा शब्द त्याच मैदानात खरा ठरला. जॅक्सनव्हिलचा चषक हाती यायला जवळजवळ अठ्ठावन्न वर्षं गेली.

रिचर्डच्या पुढच्या चढणीबद्दल मी फार लिहीत नाही, आकडे कुठंही मिळतील. १९६१ च्या फेब्रुवारीत डेटोनाला एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या पात्रता शर्यतींत बाप आणि लेक दोघंही गाडीसकट भिंतीपलीकडं फेकले गेले. पोरगा किरकोळ जखमांवर वाचला, बाप महिनोन्महिने इस्पितळात. ली त्यानंतर चालक म्हणून जवळजवळ संपलाच आणि तेविशीतल्या पोराच्या हातात अख्खं वर्कशॉप आलं. १९६४ ला नव्या, ताकदवान हेमी इंजिनाच्या निळ्या प्लिमथमधून त्यानं डेटोना ५०० मारली, दोनशेपैकी १८४ फेऱ्या तो पुढं होता. (तो निळा रंगही शेडमधलाच. गाडी रंगवायला ना पांढरा पुरत होता ना निळा, म्हणून दोन्ही मिसळले, अशी दंतकथा आहे. तो पुढं ‘पेटी निळा’ म्हणून ओळखला गेला.) १९६७ ला एका हंगामात २७ विजय, त्यातले १० सलग. एकूण २०० विजय, ७ अजिंक्यपदं, ७ डेटोना ५००. दुसऱ्या क्रमांकावरच्या डेव्हिड पिअरसनचे विजय १०५. त्या दोनशेंत गल्लीतल्या मैदानांसारख्या छोट्या ट्रॅकवरचे, कमजोर गाड्यांविरुद्धचे विजय बरेच आहेत हे खुद्द इथले जाणकारही मान्य करतात. माझ्या मते पिअरसन चालक म्हणून कांकणभर सरसच असावा. पण शर्यत संपल्यावर दोन-दोन तास उभं राहून, टोपी-गॉगलसकट, प्रत्येकाला नीट वाचता येईल अशी वळणदार सही देणारा राजा एकच.

आणि मग घराण्याची दुसरी बाजू. रिचर्डचा मुलगा काइल १९७९ च्या फेब्रुवारीत, अठराव्या वर्षी, आयुष्यातल्या पहिल्याच शर्यतीत डेटोनाला जिंकला. म्हणजे तिसऱ्या पिढीपर्यंत एकविसाची अट कुठल्या कुठं गेली होती. वरच्या दर्जाच्या शर्यतींत काइलचे विजय आठ. लोक त्याच्या आठाला बापाच्या दोनशेनं भागत राहिले. काइलचा मुलगा ॲडम, चौथी पिढी, २ एप्रिल २००० ला टेक्ससमध्ये पहिल्यांदा त्या दर्जाच्या शर्यतीत उतरला. इंजिन गेलं, चाळिसावा आला. तीन दिवसांनी पणजोबा ली वारला. १२ मे ला न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकवर सराव करताना ॲडमची गाडी वळणावर वळलीच नाही, थेट भिंतीवर गेली. थ्रॉटल अडकला असावा, असं म्हणतात. वय १९. दोन महिन्यांनी तिथंच, त्याच वळणावर, केनी अर्विन नावाचा आणखी एक चालक गेला. त्यानंतर स्टिअरिंगवर इंजिन बंद करायचं बटण सक्तीचं झालं. नातवाच्या स्वप्नातलं आजारी मुलांचं शिबिर आजोबांनी दिलेल्या जमिनीवर २००४ मध्ये उभं राहिलं, शेडपासून थोड्याच अंतरावर.

मला त्या पावसात हे सगळं माहीत नव्हतं. ॲडमच्या ४५ क्रमांकाच्या गाडीसमोर एक वयस्क बाई बराच वेळ उभ्या होत्या, एवढं आठवतं. मला वाटलं, पाऊस थांबायची वाट बघतायत.

आबांना ॲडमचं सांगितलं नाही. लेकवूडपाशीच थांबलो. मला वाटलं होतं ते खूश होतील, बुशची आठवण काढतील. त्यांना बुश आठवतच नव्हता. असे शेकडो फेकले असतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच: ‘मग पोरगा पैल्यांदा जिंकला कधी?’

आठ महिन्यांनी, म्हटलं. २८ फेब्रुवारी १९६०, इथं शार्लटलाच, जत्रेच्या मैदानावरच्या मातीच्या ट्रॅकवर. रेक्स व्हाइट नावाचा एक जण पुढं होता, रिचर्ड त्याच्या मागं. थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. ली पेटीही त्याच शर्यतीत होता. तो मागून आला आणि सांगतात की त्यानं व्हाइटला बंपर लावून वाटेतून बाजूला काढलं. पोरगा आतून निसटला आणि जिंकला. या वेळी कुणी हरकत घेतली नाही.

मला ही गोष्ट सांगताना जरा भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. पलीकडं टीव्हीवर कुठलीतरी मालिका चालू होती. आबांनी आवाज कमी केला.

‘हरकत घेतली ते बरोबर केलं त्यानं,’ ते म्हणाले. ‘त्या दुसऱ्याला धक्का दिला, ते न्हाई बरं केलं.’